थोरले अक्षर, धाकटे अक्षर

शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाने काही दिवस पुन्हा विद्यार्थी होऊन पाहावे, असे माझे मत आहे. तेहेतीस वर्षे मी फळ्याच्या बाजूला उभा राहिलो. बाकावर बसल्यावर जग कसे दिसते, ते मी विसरूनच गेलो होतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी सातवीतली नात आमच्याकडे राहावयास आली आणि संगणकाला आज्ञा कशा लिहून द्यावयाच्या, हे तिने मला शिकवावयास घेतले. ती गुरू आणि मी शिष्य! या शिष्यपणात माझ्या हातून ज्या अनेक चुका झाल्या, त्यांपैकी एका अगदी लहान चुकीविषयी, मुलांनो, आज मला तुमच्याशी बोलावयाचे आहे. ती चूक इतकी लहान आहे की, या पानावर ती मला छापूनही दाखवता येणार नाही. असे का, ते लवकरच तुमच्या ध्यानात येईल.

संगणकाने एखादे काम करावे म्हणून त्याला ज्या क्रमवार आज्ञा लिहून देतात, त्यांना आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. या आज्ञा लिहिण्याच्या अनेक भाषा आहेत. आम्ही निवडली ती पायथॉन नावाची. गीदो व्हान रॉसम या नेदरलँड्समधील गृहस्थांनी ती रचली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिच्यातील शब्द इंग्रजी असून ते रोमन अक्षरांत लिहावे लागतात. माझी पहिली आज्ञा एकाच ओळीची होती. आधी 'प्रिंट' हा शब्द, त्यापुढे कंस, कंसात अवतरणचिन्हे आणि त्या चिन्हांमध्ये जे पडद्यावर उमटावे असे वाटते ते. मी देवनागरीत 'नमस्कार' असे लिहिले आणि आज्ञा चालवण्याची कळ दाबली.

नमस्कार काही उमटला नाही. उमटली ती तांबड्या अक्षरांतील तक्रार. तिचा भावार्थ असा होता : 'पहिल्या ओळीत चूक. प्रिंट हे नाव मला ठाऊक नाही. तुम्हांला प्रिंट म्हणावयाचे आहे काय?'

मी चक्रावलो. अरे, मी प्रिंटच तर म्हणतो आहे! ज्याचे नाव ठाऊक नाही म्हणतोस, तेच नाव पुन्हा मला सुचवतोस, ही कोणती थट्टा? मी कंस पुसून पुन्हा लिहिले. अवतरणचिन्हे बदलली. 'नमस्कार' काढून त्या जागी इंग्रजी शब्द घातला, कारण यंत्राला आपली लिपी रुचत नसेल, असा मला संशय आला. शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. अर्धा तास असा गेला. तेवढ्यात नात खेळून परत आली. तिने पडद्याकडे एकदा पाहिले आणि ती म्हणाली, "आजोबा, तुमचा 'पी' थोरला झालाय. धाकटा हवा."

इंग्रजी अक्षरांची दोन रूपे असतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तुम्ही त्यांना कॅपिटल आणि स्मॉल म्हणता. मी इंग्रजी शिकलो ते पाचवीत, चार रेघांच्या वहीवर. आमचे गुरुजी मोठ्या अक्षरांना पहिली लिपी आणि लहान अक्षरांना दुसरी लिपी म्हणत. माझी नात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते, आणि मला तेच शब्द अधिक आवडले आहेत. वाक्याचे पहिले अक्षर थोरले, माणसाच्या नावाचे पहिले अक्षर थोरले, हा नियम आमच्या गुरुजींनी इतका घोटून घेतला होता की, पन्नास वर्षांनंतरही ओळीच्या आरंभी माझे बोट आपोआप थोरल्या अक्षराकडे वळले. पायथॉनमध्ये मात्र हा शब्द सगळा धाकट्या अक्षरांतच लिहावा लागतो. मी 'प्रिंट' लिहिले होते आणि संगणक मला 'प्रिंट' असे सुचवीत होता. आता माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. आपल्या देवनागरीत अक्षरांना असा थोरले-धाकटेपणाच नाही. त्यामुळे माझी चूक आणि तिची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी या पानावर अगदी सारख्या दिसतात!

"पण असं का?" मी नातीला विचारले.

"तसंच असतं, आजोबा," ती म्हणाली.

हे उत्तर मला मुळीच आवडले नाही. आणि लगेच मला आठवले की, हेच उत्तर मी वर्गात किती वेळा दिले होते! 'गुरुजी, या शब्दात वेलांटी पहिलीच का?' 'तसेच असते. लिहून घे.' तेव्हा म्हटले, आता तरी कारण शोधून काढावे.

कारण मोठे मौजेचे निघाले. संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याच्याजवळ प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक असतो आणि तो केवळ तेवढाच ओळखतो. थोरल्या 'ए'चा क्रमांक ६५, धाकट्या 'ए'चा ९७. थोरला 'पी' ८०, तर धाकटा 'पी' ११२. सव्विसांपैकी कोणतीही जोडी घ्या, थोरल्यात आणि धाकट्यात बरोबर ३२ चे अंतर. आपल्या लिपीलाही असे क्रमांक आहेत. 'क' हा २३२५ आणि 'ख' हा २३२६. म्हणजे पाहा, 'क' आणि 'ख' यांच्यात केवळ एकाचे अंतर असूनही त्यांना आपण कधी एक समजत नाही. आणि थोरला 'पी' व धाकटा 'पी' यांच्यात बत्तिसांचे अंतर असून आपण मात्र त्यांना एकाच अक्षराची दोन रूपे मानतो. 'खडू'च्या जागी कोणी 'कडू' लिहिले, तर वाचणारा बुचकळ्यात पडणारच. संगणक माझ्या बाबतीत तसाच पडला होता. तो हट्टी नव्हता. मी खरोखरच त्याला अनोळखी असलेला शब्द त्याच्यापुढे ठेवला होता.

ही थोरली-धाकटी भानगड संगणकाच्या जन्मापासून चालत आली आहे, असे मात्र समजू नका. १९५७ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने फोरट्रॅन नावाची भाषा लोकांना दिली, तेव्हा आज्ञा भोके पाडलेल्या कार्डांवर नोंदवीत आणि ती भोके पाडणाऱ्या यंत्रांवर थोरलीच अक्षरे असत. अक्षरांच्या क्रमांकांचा जो तक्ता अमेरिकेत १९६३ साली प्रमाण म्हणून ठरला, त्यातही प्रथम धाकट्या अक्षरांना जागा नव्हती. १९६७ च्या सुधारित तक्त्यात ती आली. घरात एकच मूल असले म्हणजे थोरले कोण आणि धाकटे कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही! पुढे १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी नावाची भाषा तयार झाली. तिने दोन्ही प्रकारची अक्षरे वेगवेगळी मानली, आणि तिच्या वळणावर गेलेल्या पुष्कळ भाषांनी तोच रिवाज उचलला. सर्वांनी मात्र उचलला नाही. विद्यार्थ्यांसाठी १९६४ साली अमेरिकेच्या डार्टमथ महाविद्यालयात रचलेली बेसिक, किंवा स्वित्झर्लंडमधील निक्लाउस विर्थ यांची १९७० मधील पास्कल, या भाषांना आज्ञा थोरल्या अक्षरांत लिहिली काय आणि धाकट्या अक्षरांत लिहिली काय, दोन्ही सारखेच.

येथे माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, "अहो, मग सगळ्याच भाषा तशा उदार का असू नयेत? एवढ्याशा फरकासाठी मुलांना रडवायचे कशाला? माणूस नाही का समजून घेत?"

माणूस समजून घेतो, हे खरे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाटी आहे : 'पीठाची गीरणी'. दोन शब्द आणि वेलांट्यांच्या दोन चुका. परंतु त्या पाटीपुढून गव्हाचा डबा घेऊन कोणी परत गेल्याचे मी पाहिलेले नाही. वाचणारा शब्दाबरोबर गिरणीची घरघर ऐकतो, पिठाचा वास घेतो आणि वेलांटी सोडून देतो. संगणकाला ना वास येतो, ना घरघर ऐकू येते. आणि माणसालाही प्रत्येक वेळी सोडून देता येते, असे कोठे आहे? 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे जे आपण पितो ते. तेव्हा अक्षराच्या एवढ्याशा वळणात अर्थ साठवण्याची रीत आपल्याला परकी नाही.

तरीसुद्धा माझ्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. भाषेने कठोर असावे की उदार, हा तिच्या रचनाकाराने ठरवण्याचा प्रश्न आहे आणि दोन्ही बाजूंना शहाणी माणसे आहेत. माझे मत वेगळ्या गोष्टीविषयी आहे. गुरू कठोर असला तर असो. पण त्याने चूक कोठे झाली, ते सांगितले पाहिजे. संगणकाने मला माझी चूक ओळीच्या क्रमांकासह सांगितली होती. इतकेच नव्हे, तर योग्य शब्दही सुचवला होता; पायथॉनच्या २०२१ मधील आवृत्तीपासून तो अशी सूचना करतो. मीच ते शांतपणे वाचले नाही. तांबडी अक्षरे दिसताच मला वाटले की, आपल्याला कोणी रागावले. रागावणे ऐकू आले की माणूस मजकूर वाचीत नाही, मान खाली घालतो. ही गोष्ट वयाच्या साठीनंतर मला समजली.

आता दुसऱ्या दिवसांची हकीकत सांगतो. ही चूक पहिलीहून फार वाईट होती, कारण तिच्याविषयी संगणक एक अक्षरही बोलला नाही.

नातीने आपल्या पाच विषयांच्या गुणांची बेरीज करणारी आज्ञावली लिहावयास घेतली होती. गुण होते ६२, ७१, ५८, ८० आणि ६९. बेरीज साठवण्यासाठी तिने 'टोटल' या नावाचा एक डबा केला. आज्ञावलीत अशा डब्यांना चल म्हणतात. पण आपण डबाच म्हणू. आरंभी डब्यात शून्य. मग एकेक विषय घ्यावयाचा, डब्यात जे असेल त्यात त्याचे गुण मिळवावयाचे आणि आलेली बेरीज पुन्हा त्याच डब्यात ठेवावयाची. पाचही विषय झाले की डबा उघडून दाखवावयाचा. विचार अगदी सरळ आणि शुद्ध होता. तिने कळ दाबली. पडद्यावर आकडा आला : ६९.

तक्रार नाही, तांबडी अक्षरे नाहीत. यंत्र समाधानाने ६९ दाखवीत बसले होते. पाच विषयांची बेरीज एका विषयाएवढी कशी असेल? तिने आज्ञा वरपासून खालपर्यंत चार वेळा वाचली. मीही वाचली. दोघांनाही काही दिसेना. मग ती कंस बदलू लागली, ओळी खालीवर करू लागली, म्हणजे अगदी आजोबांच्या वळणावर गेली. पाऊण तासाने तिने कळफलक दूर सारला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मला हे येणारच नाही. मी निष्काळजीच आहे. बाईपण तसंच म्हणतात."

'निष्काळजी' हा शब्द ऐकून मी जरा गप्प झालो. तो शब्द माझ्याही तांबड्या पेनाचा फार आवडता होता. परंतु चार वेळा वरपासून खालपर्यंत वाचणारी मुलगी निष्काळजी कशी? आपला डोळा अक्षर-अक्षर वाचीत नाही. तो ओळखीच्या शब्दावर ओझरता टेकतो आणि पुढे जातो. स्वतः लिहिलेले वाचताना तर तो कागदावरचे वाचीतच नाही, मनातले वाचतो. छापखान्यातील लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून तेथे एकजण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि मुद्रितशोधक छापील कागदावर बोट ठेवून प्रत्येक अक्षर पारखी. इंग्रजीत मोठ्या व लहान अक्षरांना वरच्या आणि खालच्या खणातील अक्षरे असे जे म्हणतात, तेही छापखान्यातूनच आलेले आहे. खिळे जुळवणाऱ्यांपुढे दोन पेट्या असत. वरच्या पेटीत थोरल्या अक्षरांचे खिळे आणि खालच्या पेटीत धाकट्या अक्षरांचे.

तेव्हा आम्ही वाचणे थांबवले आणि विचारणे सुरू केले. मी म्हणालो, "बाळ, हा ६९ कोठून आला असेल? हवेतून तर आला नाही." तिने डोळे पुसले, गुणांची यादी पाहिली आणि म्हणाली, "शेवटच्या विषयाचे गुण आहेत हे." चुकीच्या उत्तरालाही एक जन्मस्थान असते, ते सापडले की निम्मे काम झाले. मग तिने एक युक्ती केली, ती मी तुम्हांलाही सांगून ठेवतो. प्रत्येक विषय मिळवल्यानंतर डब्यात काय आहे ते दाखव, अशी एक जास्तीची आज्ञा तिने मध्ये घातली. बेरीज नीट होत असती, तर ६२, १३३, १९१, २७१ आणि ३४० असे चढते आकडे दिसले असते. दिसले ते असे : ६२, ७१, ५८, ८०, ६९. म्हणजे बेरीज साठतच नव्हती. प्रत्येक वेळी आधीचे सारे पुसून जात होते आणि नवे गुण शून्यातच मिळवले जात होते.

"म्हणजे एक डबा नाहीये," ती हळूच म्हणाली, "दोन आहेत!"

आणि तसेच होते. आरंभी शून्य ठेवले, तो डबा धाकट्या 'टी'चा. बेरीज करताना डब्यातून आकडा काढावयाचा तोही धाकट्या 'टी'च्याच. पण आलेली बेरीज मात्र ती थोरल्या 'टी'च्या 'टोटल'मध्ये ठेवीत होती, कारण ते नाव ओळीच्या आरंभी येत होते. आजोबांची खोड नातीच्या बोटांतही होती! धाकट्या डब्यात शून्य होते ते शून्यच राहिले. संगणकाने तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेच नव्हते. पायथॉनमध्ये नव्या नावात काही ठेवले की त्या नावाचा डबा आपोआप तयार होतो. थोरला डबा सांगितलात? हा घ्या. शेवटी दाखवण्याच्या आज्ञेतही तिने नाव वरच्या ओळीतून जसेच्या तसे उतरवले होते, म्हणून दिसला तोही थोरलाच.

एक अक्षर बदलले. ३४० आले. ती उडी मारून उठली. मी मात्र बसून राहिलो, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली होती.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आठवीच्या वर्गाला मी मराठी शिकवीत असे. एका मुलाने 'आमच्या शाळेतील प्रजासत्ताक दिन' या विषयावर तीन पाने निबंध लिहिला होता. त्यात पहाटेची थंडी होती, धुऊन उशाखाली घडी घालून ठेवलेला सदरा होता, झेंड्याच्या दोरीची गाठ सुटेना म्हणून झालेली शिपाईमामांची तारांबळ होती. परंतु 'दिन' हा शब्द त्याने प्रत्येक ठिकाणी 'दीन' असा लिहिला होता. मी ती वही वर्गात उंच धरली आणि म्हणालो, "ऐका, यांचे प्रजासत्ताक दीन झाले! दीनवाणे, बिचारे प्रजासत्ताक!" वर्ग हसला. मीही हसलो. माझी कोटी मला फार आवडली होती.

त्यानंतर त्या मुलाचे निबंध आखूड होत गेले. तीन पानांचे एक पान झाले, मग दहा ओळी. ज्या शब्दांच्या वेलांटी-उकाराची खात्री असेल, तेवढेच शब्द त्यांत येत. तांबडी वर्तुळे कमी झाली. वर्षाच्या अखेरीस त्याच्या वहीवर मी शेरा लिहिला : 'चांगली सुधारणा आहे.'

आता मला दिसते की, ते ६९ होते. तक्रार नाही, चूक नाही. आणि उत्तर मात्र साफ चुकलेले. ज्याला ३४० लिहिता येत होते, त्याच्याकडून मी ६९ लिहून घेतले आणि खाली बरोबरची खूण केली.

हे मी नातीला सांगितले. तिने विचारले, "पण तुम्ही त्याला दाखवलंत का, कुठे चुकलं ते? आणि का ते?" मी दाखवले नव्हते. 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आपल्या भाषेत आले आहेत, त्यांचे अर्थ वेगळे आहेत, म्हणून त्यांची वेलांटी बदलून चालत नाही, हे सांगावयास दोन मिनिटे लागली असती. कोटी करावयास मात्र मला वेळ मिळाला.

म्हणून तुम्हांला माझे आग्रहाचे सांगणे असे की, अक्षराच्या चुकीला भिऊन लिहिणे कमी करू नका. आणि दुसऱ्याच्या अशा चुकीला हसूही नका. चूक लहान आहे म्हणून ती शोधणे सोपे असते, हा मोठा गैरसमज आहे. १९४७ सालच्या ९ सप्टेंबरला हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या एका विद्युत्-कळीत अडकलेला पतंग सापडला होता. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धत तेव्हाही जुनीच होती. पण येथे खराखुरा किडाच सापडला, म्हणून तेथील लोकांनी तो गमतीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ते पान आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या पतंगाला निदान पंख तरी होते, तो चिमट्याने उचलता आला. थोरल्या 'टी'ला कोणत्या चिमट्याने उचलणार?

तरी काही गोष्टींचा आम्हांला उपयोग झाला. तक्रार आली, तर प्रथम तिची शेवटची ओळ वाचावयाची आणि मग ओळीचा क्रमांक पाहावयाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावयाची. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर औषध कोणते लागू पडले ते कळत नाही. आपण डब्यांना दिलेली नावे सहसा धाकट्या अक्षरांत लिहिण्याचा पायथॉनमध्ये रिवाज आहे, तो पाळावा. मग आठवणीवर भार पडत नाही. भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या शब्दांपैकी ट्रू, फॉल्स आणि नन हे तीनच थोरल्या अक्षराने सुरू होतात, बाकी सगळे धाकटे. तीन पाहुणे लक्षात ठेवणे काही कठीण नाही. आणि एका यंत्रावर चालले ते दुसऱ्यावर चालेलच, असे गृहीत धरू नये. नातीने एका किल्ल्याच्या माहितीचे पान तयार केले होते. घरच्या विंडोज संगणकावर त्यातील छायाचित्र छान दिसले. लिनक्सच्या संगणकावर ठेवताच त्या जागी रिकामी चौकट आली. कॅमेऱ्याने चित्राच्या नावाचे शेपूट थोरल्या अक्षरांत लिहिले होते, आणि नातीने धाकट्या. विंडोज सहसा असा भेद मानीत नाही, लिनक्स मानतो. देश तसा वेष, दुसरे काय!

आता आम्ही एक वही केली आहे. वही चार रेघांची आहे, कारण घरात तीच कोरी होती. तिच्यात फक्त आमच्या चुका लिहावयाच्या : तारीख, काय दिसले, काय हवे होते, चूक कोठे सापडली आणि ती शोधावयास किती वेळ लागला. हसण्यास परवानगी आहे, पण ज्याची चूक असेल त्याने आधी हसावयाचे. पहिली नोंद माझ्या नावावर आहे : 'प्रिंट. पी थोरला. अर्धा तास.' दुसरी तिची : 'एका डब्याचे दोन डबे. पाऊण तास.' त्याखाली तिने शिसपेनीने दोन डब्यांचे चित्र काढले असून धाकट्या डब्याचा चेहरा रडवेला केला आहे. परवा सकाळी तिची अशीच एक चूक तिला चार मिनिटांत सापडली. ती नोंद तिने दोनदा अधोरेखित केली आहे. माझा सर्वांत कमी वेळ अजून अकरा मिनिटे आहे.